शनिवारची गोळी

वाशिमजवळच्या मालेगावात माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. सोयाबीनवर अळी दिसली की सकाळी शटर वर जायच्या आधीच पायरीवर चारपाच जण बसलेले असतात आणि सगळ्यांचा सवाल एकच असतो. फवारायच्या एका पंपाला किती टाकायचं? मी सांगतो. मग दुसरा सवाल येतो, तोही ठरलेला. अर्ध्यात नाही भागत का?

यावर माझं एक भाषण होतं. कित्येक वर्षं मी ते न थकता देत आलो. "अर्धी दवाई मारू नका बापा. अर्ध्यानं काय होते, कमजोर अळी मरते अन् तगडी राह्यते. मंग तिचीच पिल्लं साऱ्या वावरात. पुढच्या खेपी डबाच्या डबा ओता, ते तुमाले पाहून हासते." अळी कशी हसते ते मी तोंड वाकडं करून दाखवायचो. लोकही हसायचे आणि पुरती मात्रा घेऊन जायचे. त्या भाषणाचा मला अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता ते माझ्या तोंडून निघत नाही. 'तगडी राह्यते' इथपर्यंत येतो आणि थांबतो. डब्यावर लिहिलेलं वाचा म्हणतो आणि आत जातो. गिऱ्हाइकांना वाटतं, दुकान चाललं तसा हा माजला. बायको म्हणते, तुम्ही चिडके झालात. चिडका मी पहिल्यापासूनच आहे. आता त्याला कारण आहे, एवढंच.

कारण म्हणजे माझी थोरली बहीण. आई वावरात जायची तेव्हा मला कडेवर घेऊन जिनं सारा गाव फिरवला ती. तिला रिठदला दिलेली. भाऊजी प्रवासी भरून काळीपिवळी जीप चालवायचे, रिठद ते वाशिम. त्याआधी बरीच वर्षं ते ट्रकवर होते, पार दुसऱ्या मुलखात जायचे. मग घरी आले, जीप घेतली आणि गावचे होऊन गेले. माणूस मोठा बोलका. फाट्यावर गाडी लावायची आणि बोनेटवर थाप मारून ओरडायचं, "चाला, चाला, टाइम झाला!" टाइम काही झालेला नसायचा. गाडी भरली की त्यांचा टाइम होई. तोवर मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या त्यांना शिव्या घालायच्या आणि ते प्रत्येकीला नव्यानं सांगायचे, "चाला मावशी, टाइम झाला." त्यांना मूलबाळ नव्हतं. ताई म्हणायची, सारी जीपभर लेकरंच तर हायेत त्यायची.

एका वर्षी ताईला ताप लागला तो उतरेना. अंगावरचं मांस झडलं. मी मोटारसायकलवर बसवून तिला वाशिमला नेलं. रक्त तपासलं. आत तिला एकटीला बोलावलं आणि बराच वेळ ठेवलं. बाहेर आली ती पदर डोक्यावर घट्ट ओढून. म्हणाली, "बापू, मले ते हाय."

'ते' म्हणजे काय ते मला कळलं. आमच्या घरात त्याला आजही 'ते'च म्हणतात. एचआयव्ही हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला तो डॉक्टरांसमोर, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं. ते तिच्या अंगात कुठून आलं हे ना तिनं विचारलं, ना मी. ट्रकवरच्या वर्षांबद्दल आमच्यात एक शब्दही झाला नाही. ती फक्त एवढंच म्हणाली की तुझ्या भाऊजींना टाकून बोलू नको.

बोलायला मी तयारच होतो. पण तिनं दंडाला धरून ठेवलं, लहानपणी विहिरीच्या काठावर धरायची तसं.

औषध सुरू झालं. दर महिन्याला एक डबी. रोज एक गोळी, संध्याकाळी आठ वाजता, जेवण करून. समुपदेशन करणाऱ्या मॅडम होत्या, त्यांनी हे तिच्याकडून चारदा म्हणवून घेतलं. डबी परत आणायची, उरलेल्या गोळ्या त्या मोजून पाहणार, हेही सांगितलं. ताई परीक्षेला बसल्यासारखी मान हलवत होती. आणि गुण आला. दोनतीन महिन्यांत चेहऱ्यावर तेज आलं, वर्षभरात ती पुन्हा निंदणाच्या बायकांबरोबर वावरात गेली. तिची डबी दर महिन्याला रिकामी. मॅडम इतरांना तिचं उदाहरण द्यायच्या, या ताईंसारखं वागा म्हणायच्या, आणि ताई लाजून पायाच्या अंगठ्याकडे बघायची.

भाऊजींनी मात्र त्या दवाखान्याची पायरी चढली नाही. ते ताईला जीपमधून न्यायचे, पण फाटकाच्या अलीकडे कडुनिंबाखाली उतरवायचे आणि तिथेच थांबायचे. का, ते मला ठाऊक होतं. त्या रांगेत बाकावर जी माणसं बसलेली असत त्यांतली निम्मी त्यांच्याच जीपनं आलेली. कुणी सांधे दुखतात म्हणून, कुणी डोळे दाखवायला. सगळी एकमेकांना वेगळं कारण सांगून आलेली आणि आत एकाच बाकावर बसलेली. भाऊजींना कुणाचं गुपित माहीत नव्हतं असं नाही. पण ते स्टिअरिंगवर होते तोवर ते नुसते ड्रायव्हर होते. बाकावर बसले असते तर मग त्यांच्या गाडीत कोण बसलं असतं?

त्याच सुमारास ताईचं देवाधर्माचं वेड वाढलं. आधी शनिवार धरला. मग सोमवार, मग गुरुवार. वर चतुर्थी, एकादशी आली तर तीही. आमच्याकडे बायका उपास करतात, पण संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की सोडतात. हिचा उपास दुसऱ्या दिवशी सकाळी सुटायचा. मी चेष्टा करायचो. म्हणायचो, देवांनी आपसात वार वाटून घेतले, ताई साऱ्यांनाच हो म्हणून बसली. बायको म्हणायची, नवऱ्यासाठी करतात, तुम्हाला काय कळतं. ताई नुसती हसायची.

भाऊजींची काही वर्षं बरी गेली. मग त्यांचाही खोकला सुरू झाला. हळूहळू शर्ट अंगावर लोंबू लागला, आवाज बसला, तरी फाट्यावर बोनेटवर थाप पडायचीच. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा क्षयानं दोन्ही फुप्फुसं खाल्ली होती. तेव्हा त्यांचंही रक्त तपासलं आणि जे आम्हा तिघांना ठाऊक होतं ते कागदावर आलं. पंधरवडाही गेला नाही. शुद्ध हरपायच्या आधी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "गाडी इकून टाक, पण माह्या टाइमावर दुसऱ्याले लावू नको." एवढंच.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. झाडावर चांगले सातआठ बसलेले, खाली एक उतरेना. भाऊबंदांनी आळीपाळीनं काय काय कबूल केलं. वावर नीट सांभाळू, तिच्याकडे लक्ष देऊ. मी म्हणालो, ताई माझ्याकडे राहील. कावळे ढिम्म. ऊन चढलं, भटजी घड्याळ पाहू लागले. बायका लांब उभ्या होत्या, त्यांतून ताई सरळ पुढे आली, पिंडाजवळ वाकली आणि ओठातल्या ओठात काही बोलली. ती मागे सरली न सरली तोच एक कावळा उतरला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काय बोलली ते कुणी विचारलं नाही. आमच्याकडे ते विचारत नाहीत.

ती माझ्याकडे राहायला आली नाही. रिठदलाच राहिली, आपल्या दोन खोल्यांत.

वर्षभरात तिचं पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. तोंडात पांढरे चट्टे आले, गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. रक्तातले विषाणू मोजण्याची एक तपासणी असते, ती केली. खूप निघाले. काही दिवसांनी पुन्हा केली, तरी खूपच. डॉक्टरांनी मलाही आत बोलावलं. तरुण डॉक्टर होते, आवाज शांत. विचारलं, "गोळ्या चुकतात का?"

"नाई साहेब," ताई म्हणाली. "एकबी नाई." आणि ती खोटं बोलत नव्हती, हे मी देवासमोर सांगेन. तिच्या लेखी ते चुकवणं नव्हतंच.

मॅडमनी रिकाम्या डब्यांची साक्ष दिली. डॉक्टरांनी तपासणीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग त्यांनी मला समजावलं. हा विषाणू भराभर स्वतःच्या नकला काढतो आणि नकला काढताना सारख्या चुका करतो. बहुतेक चुका त्यालाच मारतात. पण एखाद्या चुकीनं त्याचं रूप असं बदलतं की औषधाला तो सापडत नाही. औषध रोज पुरेसं रक्तात असेल तर नकलाच निघत नाहीत, मग चूक व्हायला वावच नाही. पण औषध कधी आहे, कधी नाही, असं झालं की साधे विषाणू मरतात आणि चुकीतून वाचलेला तो एक उरतो. मग त्याचीच वंशावळ. मग पूर्ण गोळी घेतली तरी...

"ते हासते," मी म्हणालो.

डॉक्टरांना कळलं नाही. मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. माझंच भाषण मला कुणी मऊ, शिकलेल्या भाषेत ऐकवत होतं, आणि वावर म्हणजे माझी बहीण होती.

औषध बदललं. दुसऱ्या गोळ्या दिल्या, जेवून घ्यायच्या, संध्याकाळीच. डॉक्टर म्हणाले, "या सांभाळा. याही त्यानं पचवल्या तर पुढे आपल्या हातात फार काही उरत नाही." हे त्यांनी ताईकडे बघून सांगितलं, आणि ताईनं नव्या डब्या पिशवीत दोन्ही हातांनी ठेवल्या.

परत येताना वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो. मी भडकलोच होतो. म्हणालो, "ताई, गोळी पोटात गेली असती तर हे झालं नसतं. खरं सांग."

ती म्हणाली, "गोळी जेवूनच घ्या म्हनतेत ना?"

"मंग?"

"मंग उपासाच्या दिवशी कशी घेईन?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी म्हणालो, "अन् डबी? डबी तं दरवेळी रिकामी."

ती रस्त्याकडे पाहत राहिली. एक काळीपिवळी गेली, भरलेली, मागे दोघं लोंबकळत होते. ती दिसेनाशी झाल्यावर ताई म्हणाली, "त्यायले देत होती. ते लाइनीत बसनार नव्हते. मी रोज खाऊ अन् ते तसेच? माह्यानं तं घास नाई गिळत तसा."

मग मला वारांचा हिशोब लागला. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि वर तिथी. आठवड्यातले जवळजवळ निम्मे दिवस. देवासाठी उपास धरला आणि गोळी उरली, असं ते नव्हतंच. गोळी उरावी म्हणून तिनं देव धरले होते. घरात भाकर दोघांत वाटायची तशी तिनं ती डबी दोघांत वाटली, बरोबर अर्धी-अर्धी, आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून अर्ध्या दिवसांना देवाचं नाव दिलं. आमच्याकडची बाई नवऱ्याला सोडून एकटी जेवत नाही. ती एकटी बरी तरी कशी झाली असती?

मी टपरीवर सगळ्यांसमोर रडलो. चहावाला दुसरीकडे बघू लागला. ताईनं माझा कप काढून घेतला आणि आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं. मग मी तिच्याकडून वचन घेतलं. उपास बंद. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. भाऊजी गेले, आता वाटेकरी उरला नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि मला हायसं वाटलं. त्यांच्या जाण्यानं हायसं वाटलं, याची लाजही वाटली.

दिवाळीच्या आधी मी तिचं घर आवरायला गेलो. ती अजूनही अशक्त होती. मी स्टुलावर चढून जाळी काढत होतो. भिंतीतल्या कोनाड्यात भाऊजींचा फोटो होता, जीपला टेकून काढलेला, त्याला वाळलेला हार. पुसायला म्हणून फोटो उचलला तर मागे तांब्याची वाटी. वाटीत गोळ्या.

नव्या गोळ्या. ज्या सांभाळा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच. काही ओलाव्यानं फुगून एकमेकींना चिकटलेल्या, वरच्या ताज्या. वाटीशेजारी भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली होती, ती वाटीला वळसा घालून जात होती. मी वाटी घेऊन खाली उतरलो. ताई चुलीपुढे होती. तिनं वाटी पाहिली आणि चटकन उठून माझ्या हातातून काढून घेतली, जसं काही मी कुणाच्या ताटातलं उचललं होतं.

"त्यायची हाय ते," ती म्हणाली.

मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मेलेल्या माणसाला मी शिव्या दिल्या. म्हणालो, जिवंतपणी निम्मी खाल्लीस, आता मरूनही पोट भरत नाही का तुझं? फोटोसमोर उभा राहून, बोट दाखवून. शेजारची बाई दारात येऊन गेली. ताई वाटी पोटाशी धरून उभी होती. माझं संपल्यावर म्हणाली, "त्यायले काय मालूम होतं? मीच सांगतलं, गडीमानसाले दिवसाआडच घ्यायची असते म्हनून. त्यायले वाटे आपली पुरी सुरू हाय. माह्यासाठी येगळी अन् त्यायच्यासाठी येगळी."

मी खाली बसलो. इतकी वर्षं ज्या माणसावर राग धरला होता, तो बिचारा आपलं औषध पूर्ण चाललंय या समजात मेला होता. आता तो राग कुणावर ठेवायचा ते मला कळेना.

"अन् आता कायले?" मी विचारलं.

"दहाव्याले कबूल केलं होतं. तुमचा वाटा चुकू देनार नाई. तवा उतरला कावळा." ती थोडी थांबली. "अन् ते येतेत बापू. त्या वारी आठ वाजले का दारात उभे राह्यतेत. काही बोलत नाईत. हात पुढं करतेत. जिते होते तवाबी तसाच करत, काही न बोलता. मी काय म्हनू? संपली म्हनू?"

मी दाराकडे पाहिलं. दिवसाउजेडी, दुपारी, मी माझ्या बहिणीच्या घरच्या उघड्या दाराकडे पाहिलं आणि माझ्या मानेवर काटा आला.

वेडी झालीस म्हणालो असतो तर ती मला गमावून बसली असती आणि मी तिला. म्हणून मी तिच्याच बाजूनं बोललो. म्हणालो, गेलेल्या माणसाला अन्नाचा घास ठेवतात ताई, औषध नाही. पितरांना काय ठेवतो आपण? भाकर, भाजी, गोड. त्यांना आता खोकला नाही, ताप नाही. त्यांना गोळी कशाला? तू त्यांच्या आवडीचं ठेव, भाकर आणि मिरचीचा ठेचा. वचन अन्नानं पाळलं जातं. हे तिला पटल्यासारखं वाटलं. वाटीतल्या गोळ्या मी पिशवीत घातल्या आणि पुढच्या खेपेला मॅडमकडे दिल्या, सगळं सांगून. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी ताईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सोमवार सुटला, गुरुवार सुटला. घास ठेवायचा आणि गोळी घ्यायची. शनिवार मात्र सुटेना. पहिली गोळी तिनं त्यांना शनिवारीच दिली होती. ती म्हणायची, त्या वारी त्यायनं भाकरीकडं पाह्यलंबी नाई. म्हणून मी फोन सुरू केला. रोज आठला मी दुकानातून लावतो, ती फोन कानाशी धरूनच गोळी घेते. मला गिलास उचलल्याचा आवाज येतो, घोट ऐकू येतो. मग ती म्हणते, "झाली. ठेवते बापू." शनिवारी त्याआधी बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. एकदा तर मी शटर अर्धं ओढून, लाइट घालवून, फोन कानाशी दाबून उभा होतो, आणि तिकडून नुसता तिचा श्वास येत होता, आणि मला वाटलं श्वास दोन आहेत. त्या शनिवारी तिनं गोळी घेतली की नाही ते मला आजही माहीत नाही.

मधे तपासणी झाली. रक्तातले विषाणू खूप उतरले होते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पुढच्या वेळी मशीनलाही दिसणार नाहीत. मी हात जोडले. ताईनं विचारलं, "म्हनजे गेले का ते?"

"गेले नाहीत," डॉक्टर म्हणाले. "शरीरात खोल कुठेतरी झोपून राहतात. आणि जुन्या औषधाला चकवायला जे शिकले होते ते विसरत नाहीत. औषध सुटलं की पुन्हा उठतील. म्हणून कधीच सोडायचं नाही."

मला वाटलं ती घाबरेल. ती घाबरली नाही. जिना उतरताना तिच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांनी समाधान पाहिलं, आणि मला ते आवडलं नाही. कडुनिंबाखाली, जिथे जीप थांबायची तिथे ती क्षणभर उभी राहिली.

"बापू," ती म्हणाली, "हे त्यायच्याचकडून आलतं ना माह्या अंगात? जीप इकली, कपडे वाटले, लेकरू तं नव्हतंच. त्यायचं एवढंच हाय माह्यापाशी. अन् ते साहेब म्हनतेत का जात नाई."

मी गाडीला किक मारली. पण रिठदपर्यंत माझ्या पाठीमागे दोघं बसलेत असं मला वाटत राहिलं, आणि मी आरसा पाहिला नाही. आता मला नेमकं कळलं होतं की मी कुणाशी झगडतोय. एका बाजूला आठ वाजताची गोळी, दुसऱ्या बाजूला तो हात. तिला जगायचंय की त्याला जगवायचंय, एवढाच प्रश्न होता आणि दर शनिवारी तो नव्यानं सुटायचा किंवा सुटायचा नाही.

गेल्या शनिवारची गोष्ट. आठ वाजता फोन लावला. तिनं उचलला. गिलास ठेवल्याचा आवाज आला, डबीचं झाकण उघडल्याचा आला, मग काही नाही. मी थांबलो. बाहेर बसस्टँडकडून कुणी गाडीवाला रिसोड रिसोड ओरडत होता. मग तिचा आवाज आला, फोनपासून लांब गेलेला. माझ्याशी नव्हती बोलत.

"अवो," ती म्हणाली, "मी घेऊ का?"

कुणी उत्तर देईना. तिनं पुन्हा विचारलं, जरा रडवेल्या आवाजात. "सांगा ना जी. घेऊ का मी?"

मला तो माणूस आठवला. खरं माहीत नसलेला. कुणी त्याला कधी खरं सांगितलं असतं, की बाबा, तू जी खातोस ती तिच्या तोंडची आहे, तर त्यानं काय केलं असतं? त्यानं हात मागे घेतला असता. फाट्यावर पोहोचेपर्यंत बडबडत राहिला असता आणि तिला गोळी घ्यायला लावली असती. एवढं मी त्याला ओळखत होतो. आणि ते सांगायला तो आता नव्हता, कुणीच नव्हतं, तिच्या दाराबाहेर फक्त अंधार होता. मी दुकानातल्या टेबलावर थाप मारली, बोनेटवर मारायचे तशी. आवाज बसका करायचा प्रयत्न केला, पण तो आपोआपच बसला होता.

"चाला, चाला," मी म्हणालो. "टाइम झाला."

पलीकडे सगळं थांबलं. तिचा श्वाससुद्धा. मला वाटलं मी भयंकर काही केलं, फोन ठेवून मोटारसायकल काढावी आणि रिठद गाठावं. मग गिलास उचलल्याचा आवाज आला. घोट ऐकू आला. दुसरा घोट.

रोज ती म्हणते, ठेवते बापू.

"हो जी," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.